दोन्ही बाजूंनी पुसलेल्या सहा चकत्या

आमच्या चाळीत माझ्या नोकरीबद्दल दोन समज आहेत. तळमजल्यावरच्यांना वाटतं मी डॉक्टर आहे. दुसऱ्या माळ्यावरच्यांना वाटतं मी उंदीर मारतो. पहिल्या समजामुळे रविवारी सकाळी लोक रक्ताचे रिपोर्ट दाखवायला येतात आणि दुसऱ्यामुळे पावसाळ्यात पिंजरा मागायला. दोन्ही खोटं आहे. परळच्या एका प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे आणि माझं मुख्य काम मोजण्याचं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवायची, उजव्या डोळ्याने पेशी पाहायच्या आणि डाव्या हाताने मोजणीयंत्राचं बटण दाबायचं. तीसेक वर्षं हेच केलं. अंगठ्याला घट्टा पडला आहे.

गिरणीचा संप सुरू झाला तेव्हा मी विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वडील विणकाम खात्यात. संप लांबला, ते गावी गेले, मी कॉलेज सोडलं आणि या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागलो. बाटल्यांवरून पेशींवर कसा आलो, बढती कधी मिळाली, हे सगळं सांगत बसत नाही, त्यात कुणाला रस नसतो. मी मोजलेल्या एका आकड्यामुळे एका माणसाचे सहा आठवडे वाया गेले, ते सांगायचं आहे. त्यासाठी आधी कामाची थोडी ओळख द्यावी लागेल.

आम्ही पेशी वाढवतो. बाटलीत लालसर पातळ अन्न असतं आणि तळाला चिकटून पेशी जगतात. त्यांना सदतीस अंश उष्णता लागते, स्वच्छता लागते आणि रविवार त्यांना कळत नाही. एकदा लागोपाठ तीन आठवडे सगळ्या बाटल्या गढूळ व्हायला लागल्या. हवेची गाळणी बदलली, पाणी बदललं, मला चार वेळा आंघोळ केलीस का म्हणून विचारून झालं. शेवटी कळलं की पेशींचं अन्न ठेवायच्या फ्रिजमध्ये कुणीतरी घरी न्यायचं इडलीचं पीठ ठेवत होतं. आंबलेल्या पिठातलं यीस्ट आमच्या बाटल्यांत सुखाने नांदत होतं. पीठ कुणाचं ते मला ठाऊक आहे. ती व्यक्ती अजून नोकरीत आहे.

बाहेरची माणसंही येतात. एक गृहस्थ वरळीहून काढ्याची बाटली घेऊन तीनदा आले. म्हणाले, "तुमच्या कॅन्सरवर चार थेंब टाका फक्त, आणि काय होतं ते बघा." आमच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मॅडम म्हणतो, त्यांनी शांतपणे सांगितलं, "पेशी मरतील. फिनेल टाकलं तरी मरतात. पण फिनेल आपण माणसाला पाजतो का?" गृहस्थ निघून गेले. मला ते उत्तर इतकं आवडलं की मी ते चाळीत दहा जणांना सांगितलं. सांगणं सोपं असतं.

त्या काळात आमचं काम प्रोस्टेटच्या कॅन्सरवर चाललं होतं. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची सुपारीएवढी गाठीसारखी ग्रंथी. तिथला कॅन्सर तिथेच राहिला तर माणूस बरीच वर्षं काढतो. तो घात करतो तो पसरल्यावर, आणि पसरतो तेव्हा बहुतेक वेळा हाडांत जातो. कणा, कंबर, बरगड्या. हाडातच का, हा आमचा प्रश्न.

त्याच्या उत्तराचा एक भाग असा. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी अगदी बारीक रेणू सोडतात. त्यातल्या एका जातीला केमोकाइन म्हणतात. जखम झाली की तिथून हे रेणू सुटतात आणि पांढऱ्या पेशी त्यांच्या मागावर तिथे पोहोचतात. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत डोळे मिटून सोडलं तरी मिरची कुठे कांडताहेत ते सांगता येतं. खकाणा जिकडे वाढेल तिकडे डंख, म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. पेशीही तसंच करतात. त्यांच्या अंगावर या रेणूंना ओळखणारी नाकं असतात आणि जिकडे वास दाट तिकडे त्या सरकतात. हाडांच्या आतल्या मगजातून यातला एक रेणू सतत सुटत असतो, मुळात रक्ताच्या पेशींना घरी थांबवण्यासाठी. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी तेच नाक स्वतःच्या अंगावर उगवून घेतात. मग निरोप दुसऱ्याला असला तरी यांनाही ऐकू जातो. नुसत्या सरकत नाहीत, वाटेतलं अस्तर विरघळवणारे पाचक रसही सोडतात आणि भोक पाडून पलीकडे जातात.

हे मोजायची युक्ती जुनी आहे. एक छोटा डबा घ्यायचा, दोन भागांचा. मधे प्लास्टिकची पातळ गोल चकती बसवायची. चकतीला पेशीपेक्षाही लहान अशी हजारो भोकं असतात. चकतीच्या वरच्या बाजूला जेलीचा थर द्यायचा, म्हणजे ते झालं शरीरातलं अस्तर. वर कॅन्सरच्या पेशी सोडायच्या, खाली तो निरोपाचा रेणू. दुसऱ्या दिवशी डबा उघडायचा. ज्या पेशी जेली फोडून, भोकातून अंग चोरत पलीकडे गेल्या, त्या चकतीच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या असतात. वरच्या बाजूला मागे राहिलेल्या असतात त्या कापसाच्या काडीने पुसून टाकायच्या. मग चकतीला जांभळा रंग द्यायचा आणि खालच्या बाजूच्या मोजायच्या. कुठली बाजू पुसायची, एवढंच लक्षात ठेवायचं.

परदेशी डबे महाग होते. मॅडमनी किंमत पाहिली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "तावडे, तुमच्या लालबागमध्ये कुणी करून देईल?"

माझ्या डोळ्यासमोर एकच नाव आलं, विश्राम राणे. ते आमच्याच चाळीत पहिल्या माळ्यावर राहायचे. वडिलांच्याच गिरणीत मेकॅनिक खात्यात टर्नर होते. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही, तेव्हा त्यांनी भंगारात निघालेला एक लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र, उचलला आणि गल्लीतल्या गाळ्यात बसवला. सगळे त्यांना राणेकाका म्हणायचे. अर्धं आयुष्य मुंबईत काढूनही बोलणं मालवणी.

मी डब्याचा नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "ह्यात काय भरतंस? तपकीर?"

"कॅन्सरच्या पेशी, काका."

"गळता कामा नये?"

"थेंबही नाही."

"मग आटे बारीक घालूक व्हये," ते म्हणाले आणि नकाशावर पेन्सिलीने माझ्या देखत दोन चुका दुरुस्त केल्या.

ॲक्रिलिकचे अठरा डबे त्यांनी पंधरा दिवसांत करून दिले. वरचा भाग खालच्यावर आट्यांनी बसायचा. एकही गळला नाही. त्यानंतर जिन्यात भेटले की ते विचारायचे, "माझे डबे काय म्हणतत?" मी म्हणायचो, "बरे आहेत." नातवंडांची चौकशी करावी तशी ती चौकशी असायची.

वर्षा-दीडवर्षाने काकांची कंबर दुखायला लागली. लेथवर वाकून दुखते, असं त्यांचं म्हणणं. गाळ्यात मोरी नव्हती, म्हणून दिवसातून चार-पाचदा चाळीत यायचे, त्याचे दहा-बारादा झाले. चाळीतले संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांच्या दारावरून जावं लागतं, तेव्हा कोण किती वेळा गेलं हे सगळ्यांना माहीत. पत्ते खेळणारी मंडळी म्हणायची, "काका, पास काढा महिन्याचा." मीही त्यात हसलो आहे. दिवसभर प्रोस्टेटच्या पेशी मोजणारा माणूस मी, पण माझ्या दारावरून जाणारा माणूस बारा वेळा का जातो हा प्रश्न मला पडला नाही. पडला तेव्हा मीच त्यांना तपासणीला नेलं, पण तोवर उशीर झाला होता. तुकडा काढून तपासला. तोच आजार निघाला. मग हाडांत गेलाय का ते पाहायला स्कॅन सांगितला, त्यासाठी आधी किरणोत्सारी द्रव्याची सुई टोचतात.

स्कॅनचा दिवस आणि आमच्या मोठ्या प्रयोगाचा दिवस एकच आला.

प्रयोग अनघाचा होता. ती पीएच.डी. करत होती आणि तिची शिष्यवृत्ती संपत आली होती. अठरा डबे. पहिल्या सहांत खाली नुसतं पाणीवजा अन्न, म्हणजे पेशींना बोलावणारं कुणी नाही. दुसऱ्या सहांत खाली निरोपाचा रेणू. शेवटच्या सहांत रेणू होताच, पण पेशींची नाकं एका प्रतिद्रव्याने, म्हणजे अँटिबॉडीने, बुजवलेली. रेणूच्या सहांत पेशी भराभर पलीकडे जातील आणि बुजवलेल्या सहांत कमी जातील, अशी अपेक्षा. किती कमी, हा प्रश्न.

मी डबे उघडत होतो. नियम असा की चकती उचलली की लगेच, बाजू बदलायच्या आत, वरून पुसायची आणि मगच, पेशी टिकाव्यात म्हणून, मिथेनॉलमध्ये टाकायची. बारा चकत्या झाल्या आणि फोन आला. राणेकाकी होत्या, पलीकडच्या रुग्णालयातल्या पीसीओवरून.

"सुहासा, धावत ये. तुझे काका थंय भांडतत. सुई घेणार नाय म्हणतत. त्या सुयेत अणुबाँब आसा म्हणान कोणी सांगितल्यान."

उरलेले डबेही उघडून झाले होते आणि चकत्या उघड्या ठेवल्या तर सुकतात. मी उरलेल्या सहा तशाच, न पुसता, मिथेनॉलच्या बशीत टाकल्या आणि गेलो. काकांना समजावायला, सुई घ्यायला, मग थांबायला दीड तास गेला. परत आलो तेव्हा सगळ्या अठरा चकत्या रंगवून घेतल्या आणि त्या सहा पुसायला बसलो. आता वरची बाजू कुठली? कोरडी चकती एका बाजूने चकचकीत आणि दुसरीने मंद असते. ओली आणि जांभळी झाली की दोन्ही सारख्याच. मी अंदाजाने एक बाजू पुसली. काडीला फिकट जांभळा रंग आला. चकती तरी गडदच दिसत होती, म्हणून उलटवली आणि दुसरी बाजू पुसली. यावेळी काडी काळीनिळी झाली. मी म्हटलं, ही वरची बाजू, आता साफ झाली. सहाही चकत्यांना तसंच केलं. आधीच्या फिकट रंगाकडे दुर्लक्ष केलं. बुजवलेल्या पेशी कमीच जाणार होत्या, तेव्हा त्या बाजूला फारसं काही नसणारच, असं मनात होतं. म्हणजे काय असायला हवं ते मी आधीच ठरवलं होतं. आणि यातलं वहीत काहीच लिहिलं नाही.

आकडे आले. रेणूच्या चकत्यांवर दर दृश्यात, म्हणजे सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या एका गोलात, चाळीसच्या आसपास पेशी. बुजवलेल्यांवर दोन, तीन, एक, दोन. अनघा माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"सुहासदादा, खरंच दोन?"

"मोजून दोन."

तिने खुर्ची गर्रकन फिरवली आणि म्हणाली, "आज चहा माझ्याकडून, आणि समोसाही." मॅडमनी मात्र एवढंच म्हटलं, "परत करा. एकदा आलेला आकडा पाहुणा असतो." प्रतिद्रव्य संपलं होतं. बाहेरून मागवलं, त्याला महिना-दीडमहिना लागणार होता.

इकडे काकांच्या स्कॅनमध्ये कण्यात आणि कमरेत डाग निघाले. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं, "या आजाराला पुरुषी हार्मोन पोसतं. ते बंद करायचं. इंजेक्शनं आहेत, पण महाग, आणि जन्मभर घ्यावी लागतील. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही वृषणं काढून टाकायची. लहान ऑपरेशन आहे, पुढच्या आठवड्यात करू. कण्याचा एक मणका नाजूक झालाय. तो दबला तर पाय जातील."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "देवाकडे अख्खो जातलंय."

मी रविवारी त्यांच्याकडे गेलो. त्यांना धीर द्यायचा होता आणि खरं सांगायचं तर मला ते दोन-तीनचे आकडे कुणाला तरी सांगायचे होते. मी म्हटलं, "काका, तुमच्या डब्यांत आम्ही त्या पेशींची वाट बुजवून पाहिली. जवळजवळ कुणीच पलीकडे गेलं नाही. चाळीसातल्या दोन."

ते सरळ होऊन बसले. "माझ्या डब्यात?"

"तुमच्याच."

"आणि हो तोच आजार? हाडात जाणारो?"

"तोच."

काकी चहा गाळत होत्या. त्यांचा हात थांबला. मी पुढे म्हणालो की हे अजून प्रयोगशाळेतलं आहे, औषध नाही. पण ते वाक्य मी चहा पिता पिता म्हटलं, आणि चहा पिता पिता म्हटलेलं वाक्य माणूस ऐकत नाही.

दोन आठवड्यांनी काकी जिन्यात भेटल्या. "ऑपरेशनाची तारीख गेली. म्हातारो म्हणता, सुहासचा औषध येतला, मगे कापूक कित्याक व्हया. तू काय ता सांग तेका."

मी सांगायला गेलो. काका म्हणाले, "तू गप रव. मापात तीन थाउचो, इंचाच्या हजाराव्या भागाचो, फरक इलो तरी माका कळता. चाळीसातले दोन म्हणजे कायच नाय. थांबतंय मी."

मी वाद घातला, पण जोर लावून नाही. कारण त्या आकड्यावर माझाही विश्वास होता. हे लिहायला मला अजूनही जड जातं.

पाचव्या आठवड्यात प्रतिद्रव्य आलं. प्रयोग परत केला. या वेळी कुणाचा फोन आला नाही, अठराही चकत्या नियमाने पुसल्या. रेणूच्या चकत्यांवर पुन्हा चाळीसच्या आसपास, पण बुजवलेल्यांवर आकडा आला वीस, एकवीस, अठरा. म्हणजे निम्म्याच्या आसपास.

अनघाचा चेहरा उतरला. "नवीन प्रतिद्रव्य कमजोर असेल. प्रवासात गरम झालं असेल." मॅडमनाही ते शक्य वाटलं. सगळ्यांनाच पहिला आकडा हवा होता. मी घरी आलो, जेवलो, पण ते फिकट जांभळं काही डोळ्यासमोरून जाईना.

दुसऱ्या दिवशी लवकर गेलो. आदल्या दिवशी रिकाम्या झालेल्या डब्यांतला एक मी निघण्यापूर्वी खात्रीसाठी परत लावून ठेवला होता, रेणू आणि बुजवलेल्या पेशींचा. त्याची चकती मुद्दाम न पुसता मिथेनॉलमध्ये टाकली, रंगवली, आणि या वेळी कडेला खूण केलेली असल्यामुळे खालची बाजू कुठली ते मला माहीत होतं. ती आधी पुसली. काडीला फिकट जांभळा रंग आला. तोच. पलीकडे गेलेल्या पेशींचा तो रंग होता. त्या दिवशी मी सहाही चकत्यांवरच्या, मोजायच्या असलेल्या पेशी आधी पुसून टाकल्या होत्या, मग न मोजायच्या पुसल्या, आणि उरलेल्या चुकार दोन-तीन मोजून समोसे खाल्ले होते.

मॅडमच्या खोलीत अनघाही होती. मी उभ्यानेच सांगितलं. मॅडमनी पहिली वही मागवली, पान काढलं, शेवटपर्यंत वाचलं.

"यात हे कुठेच नाही."

"घाईत होतो, मॅडम."

"मग घाईत होतो, असं लिहायचं. तेवढी एक ओळ असती तर मी तो आकडा तेव्हाच बाजूला ठेवला असता."

अनघा खिडकीकडे बघत म्हणाली, "सुहासदादा, मी परिषदेसाठी पोस्टर छापून आणलंय काल." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, "निम्मे थांबतात हेही काही कमी नाही. नाक एकच नसेल त्यांना, दुसऱ्या वाटाही असतील. तेच लिहीन." तिने तेच लिहिलं. शिष्यवृत्ती संपल्यावर चार महिने तिला वडिलांच्या पैशांवर काढावे लागले, पण प्रबंध झाला. हे आकडे आमच्या एका बाकावरचे आहेत, यावरून कुणी काही अनुमान काढू नये. या रेणूंवर पुढे बऱ्याच ठिकाणी काम झालं आणि गोष्ट आम्हाला वाटली त्याहून गुंतागुंतीची निघाली.

मी त्याच दुपारी सुट्टी टाकून गाळ्यात गेलो. काका स्टुलावर बसून काम करत होते, पूर्वी कधी बसून करायचे नाहीत. लेथ बंद करायला सांगितला.

"काका, तो चाळीसातल्या दोनचा आकडा खोटा होता. चूक माझी. खरं तर निम्मे पलीकडे जातात."

त्यांनी हातातल्या चिंधीने बोटं पुसली. "डबो गळलो?"

"नाही. डबे चोख होते. मी चकती दोन्ही बाजूंनी पुसली."

"दोन्ही?" त्यांना चूक लगेच समजली, अनघापेक्षा आणि मॅडमपेक्षा लवकर. "म्हणजे लेथवरच्या जॉबाचा माप घेवच्या आधीच कापून टाकलंस."

"हो."

"कोणी पकडल्यान?"

"मीच."

"गिरणीत जॉब बिघडलो तर आमी भंगारात टाकायचो नाय," ते म्हणाले. "खडूने आपला नाव घालून फोरमनच्या टेबलार ठेवायचो. लपवलेलो जॉब कोणाच्या तरी मशिनीत बसता आणि मगे माणसाचो हात जाता."

"मी नाव घालूनच आलोय."

"आणि औषध?"

"औषध नाही, काका. निम्मे थांबले तरी ते डब्यात. माणसात यायला दहा वर्षं, पंधरा वर्षं. कदाचित येणारही नाही. ऑपरेशन मात्र आज हाताशी आहे."

काकी जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या आणि दारातच थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंधरा वर्सां थांबतलास? स्टूलार बसान?" काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. उठायला गेले तर डावा पाय जमिनीवरून नीट उचलेना. मी हात दिला. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की तो पाय गेले आठ-दहा दिवस असाच होता आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"उद्या जावया," ते म्हणाले. "पण वॉर्डात कोणाक सांगू नको, काय कापतत ता. हर्निया म्हण."

त्या आठवड्यात ऑपरेशन झालं. कण्याला किरणांचे शेक दिले. दुखणं पंधरा दिवसांत इतकं कमी झालं की काका चिडले, आधी का नाही केलं म्हणून. कुणावर चिडले ते बोलले नाहीत. डावा पाय मात्र पूर्ण परत आला नाही, काठी लागली. मी डॉक्टरांना विचारलं, सहा आठवडे आधी झालं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित पाय वाचला असता. कदाचित नाही." त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. मोजणाऱ्या माणसाला असं उत्तर फार त्रास देतं.

काका त्यानंतर तीन वर्षं आणि काही महिने जगले. हार्मोन बंद केल्यावर हा आजार दबतो, पण बहुतेकदा कायमचा नाही. अजून काठीवर जिना उतरता येत होता त्या दिवसांत ते एकदा म्हणाले, "माका ते बघूक व्हये."

"काय?"

"पलीकडे गेलेले."

मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या. मी त्यांना टॅक्सीने नेलं. आपले डबे त्यांनी आधी एकेक उघडून, आट्यांवरून नख फिरवून पाहिले. मग सूक्ष्मदर्शकाच्या स्टुलावर बसले. मी त्याच सकाळी मोजलेली एक चकती लावून दिली. जेली फोडून खाली आलेल्या जांभळ्या पेशी, काही गोल, काही पाय पसरलेल्या.

"हे माझे?"

"नाही. परदेशातल्या एका रुग्णाचे. हाडात पसरल्यावर काढलेले. तो माणूस कधीच गेला, पेशी अजून वाढतात."

"त्याका माहीत होता?"

"मला नाही ठाऊक, काका."

त्यांनी परत डोळा लावला. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. मग मान वर न करता म्हणाले, "ह्या गोलात तुझो आकडो किती?"

मी वही पाहिली. "एकतीस."

"माझे तेहतीस. कडेक दोन आसत, तू सोडलंस. परत मोज."

ते स्टुलावरून बाजूला झाले. मी बसलो आणि परत मोजलं. तेहतीस होते. वहीत एकतीसवर एक रेघ मारली, शेजारी तेहतीस लिहिलं, तारीख घातली, सही केली. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, ती सही वाकून नीट पाहिली आणि काठीसाठी हात पुढे केला.